पाचशे डॉलरच्या रायफलची पार्श्वभूमी

आज अमेरिकेत कमी पैशांत सेमी-ऑटोमॅटिक (चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप भरली जाते अशी) स्पोर्टिंग रायफल घ्यायची म्हटली की बोलणं फिरून दोन नावांवर येतं. एक .22 च्या छोट्या काडतुसाची 10/22, दुसरी एआर-15 च्या घाटाची कुठलीतरी साधी रायफल. 1990 च्या सुमाराला याच प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं. तेव्हा शंभर डॉलरच्या आत-बाहेर चिनी एसकेएस, म्हणजे जुन्या लष्करी घाटाची सेमी-ऑटोमॅटिक रायफल, मिळायची. तिच्या दस्त्यापासून नळीपर्यंत गोदामातलं ग्रीस थापलेलं असायचं आणि काडतुसंही मातीमोल भावाने येत. मधल्या काळात बाजार पुरता उलटला. कारखानदार याचं श्रेय आपल्या यंत्रांना देतात, आणि ते अगदीच खोटं नाही. पण माझ्या मते त्यात मोठा वाटा 1989 सालच्या एका सरकारी निर्णयाचा आहे. तो घेणाऱ्यांना हे मुळीच घडवायचं नव्हतं.

त्याआधीचं थोडक्यात. अमेरिकेत .22 ची सेमी-ऑटोमॅटिक 1903 मध्ये बाजारात आली आणि हरणाच्या शिकारीला पुरेल अशी दणकट रायफल 1906 मध्ये. दोन्ही तेव्हा हौसेच्या वस्तू होत्या. सामान्य शिकारी हाताने लिव्हर किंवा बोल्ट ओढून गोळी भरण्यावर खूश होता. स्वस्ताई आली ती 1960 च्या दशकात. मार्लिनची मॉडेल 60 1960 मध्ये आणि रुगरची 10/22 1964 मध्ये निघाली. दुसरीची किंमत होती साडेचोपन्न डॉलर. त्याच वर्षी एआर-15 ची नागरी आवृत्ती 189.50 डॉलरला होती, म्हणजे तिपटीहून जास्त. काळ्या प्लॅस्टिकची ही महागडी चीज लाकडी दस्त्यावर वाढलेल्या पिढीला आपली वाटली नाही. तिच्या वायूयंत्रणेचं पेटंट 1960 मध्ये मिळालेलं, ते 1977 मध्ये संपलं आणि ती बनवायला कुणालाही मोकळीक झाली. तरी लगेच फारसं काही घडलं नाही.

खरी स्पर्धा होती मोडीतल्या लष्करी मालाची. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपभरच्या कोठारांतून रायफली जहाजांनी येत आणि वर्तमानपत्रातलं कूपन भरून टपालाने घरपोच मिळत. देशी कारखानदारांना हे खुपत होतं. बंदुकांचे कारखाने असलेल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने 1958 मध्ये हा माल रोखणारं विधेयक आणलं होतं. ते पुढे सरकलं नाही. तोच सिनेटर, जॉन केनेडी, राष्ट्राध्यक्ष झाला आणि 1963 मध्ये डॅलसमध्ये टपालाने मागवलेल्या तशाच एका इटालियन रायफलने मारला गेला. (ती सेमी-ऑटोमॅटिक नव्हती, साधी बोल्टची होती. चर्चेत हे हमखास विसरलं जातं.)

1968 च्या कायद्याने टपालविक्री बंद केली आणि आयातीला एक अट घातली: परदेशी बंदूक ‘खेळासाठी खास योग्य किंवा सहज जुळवून घेता येण्याजोगी’ असली पाहिजे. खेळ म्हणजे काय, हे कायद्याने सांगितलं नाही. ते ठरवणं बंदुकांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्यावर सोपवलं आणि खात्याने वीस वर्षं त्यावर फारसं डोकं चालवलं नाही. पिस्तुलांसाठी गुणांकनाची पद्धत होती. रायफली मात्र साधारण सगळ्याच खेळाच्या मानल्या जात.

जानेवारी 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावी एका माणसाने शाळेच्या मैदानावर एके-घाटाच्या रायफलने पाच मुलं मारली. बहुतेक मुलं कंबोडिया-व्हिएतनाममधून आलेल्या निर्वासितांची होती. मार्चमध्ये आयातीला तात्पुरती स्थगिती आली आणि खात्याने अभ्यासगट नेमला. गटाने राज्यांच्या वन्यजीव विभागांना, शिकारीच्या वाटाड्यांना, नेमबाजी संघटनांना आणि मासिकांच्या संपादकांना प्रश्नावल्या धाडल्या. तुमच्याकडे कुठल्या रायफली वापरतात, कुठल्या सुचवाल, असं विचारलं. उत्तरांवरून जुलैमध्ये निष्कर्ष आला: खेळ म्हणजे शिकार आणि रीतसर भरवलेल्या नेमबाजीच्या स्पर्धा. कुंपणावर रिकामे डबे मांडून ते उडवणं हा खेळ नाही.

या एका ओळीवर मी जरा रेंगाळणार आहे. अमेरिकेत .22 घेऊन लहानाचा मोठा झालेला जवळपास प्रत्येक माणूस डबे उडवूनच शिकलेला असतो. स्पर्धेला जाणारे त्यातले थोडे. गटाचं म्हणणंही सरळ होतं: डबे कुठल्याही बंदुकीने उडवता येतात, मग त्याला खेळ म्हटलं की कायद्यातली अटच निकामी होते. तर्क म्हणून हे बिनतोड आहे. पण त्यामुळे लोक प्रत्यक्षात जे करतात ते मोजणीतून गळालं आणि जे छापील नियमांत बसतं तेवढं उरलं. शिवाय गटाने रायफलींची छाननी केली ती अवयव बघून: निघणारं मॅगझीन (गोळ्यांची पेटी), दुमडता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन अडकवायची कडी, नळीच्या तोंडाचा, ज्वाळा झाकणारा फ्लॅश हायडर, दोन पायांची घोडी. 43 मॉडेलांची आयात कायमची बंद झाली. गोळी तीच आणि वेगही तोच. फरक होता तो मुठीचा नि कडीचा.

आयातदारांनी लवकरच उत्तर काढलं. चिनी कारखान्याने मॅक-90 नावाची रायफल पाठवली. तिला वेगळी मूठ नव्हती. दस्त्यालाच मोठं भोक पाडलेलं होतं, त्यातून अंगठा घालून धरायची. दिसायला बेढब, हाताला अवघड, पण निघणारं मॅगझीन सोडलं तर यादीतला एकही दोष नाही. एसकेएसला तर इतकं करावं लागलं नाही. तिचं दहा गोळ्यांचं मॅगझीन जागेवर पक्कं बसवलेलं, त्यामुळे ती सहज नियमात बसली. म्हणजे बंदीनंतर सर्वांत स्वस्त परदेशी रायफल उलट जास्तच खपली. ती थांबली मे 1994 मध्ये, आणि तेही खेळाच्या कारणाने नव्हे. चीनला व्यापारसवलत चालू ठेवताना राष्ट्राध्यक्षांनी चिनी शस्त्रं आणि काडतुसं त्यातून वगळली, म्हणून. भोकाच्या दस्त्याच्या रायफली 1998 मध्ये मोठी लष्करी मॅगझिनं घेतात या मुद्द्यावर बंद केल्या गेल्या.

निर्णयाची मुख्य गोष्ट मात्र वेगळीच होती. तो फक्त आयातीपुरता होता. तीच रायफल, त्याच मुठीसकट, देशात बनवली तर कायदेशीर. 1990 मध्ये आणखी एक कलम आलं: आयातीला अपात्र रायफल परदेशी भागांतून देशात जुळवायचीही नाही. नंतरच्या नियमावलीने 20 भागांची यादी करून त्यातले 10 पर्यंतच परदेशी चालतील असं ठरवलं. रोमानियाहून आलेल्या एके-घाटाच्या रायफलचा चाप, मूठ, दस्ता अमेरिकेत बदलला जाऊ लागला, ते या हिशेबापायी. परदेशी माल असा दरवर्षी थोडा महाग आणि थोडा कटकटीचा होत गेला. एआर मात्र पूर्ण देशी, पेटंटमुक्त, आणि लष्कराच्या मापावर बेतलेली असल्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याच्या रायफलला बसणारी. कायद्याच्या नजरेत तिचा खालचा सांगाडा तेवढा बंदूक, बाकी सगळे नुसते सुटे भाग. छोट्या वर्कशॉपलाही या धंद्यात उतरता आलं.

सप्टेंबर 1994 मध्ये लष्करी घाटाच्या रायफलींवर आलेली दहा वर्षांची बंदी देशी मालालाही लागू झाली. त्यातही तशीच अवयवांची यादी: निघणारं मॅगझीन आणि वर पाचांपैकी दोन गोष्टी असतील तर बंदी, एकच असेल तर चालेल. कारखान्यांनी कडी तासून टाकली, दस्ता पक्का केला आणि एआर विकत राहिले. त्याच कायद्याने शेकडो रायफलींना नावानिशी अभय दिलं. त्यात लाकडी दस्त्याची मिनी-14 होती. ती काडतूस एआरचंच खाते. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनंही बंद झाल्यामुळे त्या दहा वर्षांत जुनी सोन्याच्या भावाने गेली. सप्टेंबर 2004 मध्ये मुदत संपली, कुणी वाढवली नाही. एआरसारख्या रायफलींसाठी ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ हे नाव बंदूक-उद्योगाच्या संघटनेने 2009 मध्ये रूढ करायला घेतलं. 1968 च्या कायद्यातला ‘खेळ’ आता जाहिरातीत आला होता.

किमती उतरल्या त्या पुढच्या दशकात, आणि सरळ रेषेत नाही. 2011 मध्ये एका मोठ्या कंपनीने एआरमधून धूळझाकण आणि बोल्ट पुढे ढकलायचं बटण काढून टाकून ‘स्पोर्ट’ आवृत्ती आणली. शिकाऊ गिऱ्हाइकाला दोन्हींचं अडत नव्हतं. ती इतकी चालली की इतरांना त्या किमतीला यावंच लागलं. डिसेंबर 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली, बंदीची चर्चा उसळली आणि दुकानांतली मांडणी रिकामी झाली. .22 ची काडतुसं पुढे बराच काळ मिळेनात. स्वस्त रायफलीचा सगळा अर्थच स्वस्त काडतुसांत असतो, हे तेव्हा अनेकांना कळलं. 2016 च्या निवडणुकीनंतर भीती ओसरली, माल पडून राहिला आणि पूर्ण एआर पाचशे डॉलरच्या खाली आली. 2019 मध्ये ज्या कंपनीने ती पहिल्यांदा विकली होती तिनेच नागरी उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं: बाजारात माल उदंड झाला, असं कारण देऊन. (नंतर ते पुन्हा सुरू झालं.)

मराठी मंडळींपुरतं दोन गोष्टी सांगतो. एच-1बी सारख्या व्हिसावर असलेल्याला संघराज्याच्या कायद्याने 1998 पासून बंदूक बाळगायला साधारण मनाई आहे. नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार-परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही, पण आपली वस्ती दाट आहे ती नेमकी न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत, आणि या चारही ठिकाणी एआर एकतर बंद आहे किंवा ओळखू येणार नाही इतकी बदलून घ्यावी लागते. किंमत बघण्याआधी राज्याची यादी बघावी लागते.

त्या यादीने एके काळी साध्या .22 लाही सोडलं नव्हतं. न्यू जर्सीच्या 1990 च्या कायद्यात पंधरापेक्षा जास्त गोळ्या मावणारं पक्कं मॅगझीन असलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल ‘असॉल्ट’, म्हणजे बंदीतली, ठरली. मॉडेल 60 च्या नळकांड्यात जुन्या घडणीत सतरा मावत, नंतरच्या आखूड घडणीत चौदा. तिथल्या एकाकडे जुनी होती, नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेली. आपण ती एकदाही उडवली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. 1996 मध्ये अपिलातही त्याची शिक्षा कायम राहिली.