एकाच उतारावर काहून?

परतवाड्याकडून सातपुड्याच्या दिशेनं निघालं की संत्र्यांचे बगिचे मागं पडतात, पराटी-तुरीची वावरं लागतात आणि ती संपता संपता जमीन वर उचलायला लागते. तिथं आमच्या गावाची पांदण आहे. बैलगाड्यांनी कोरलेली, मुरमाची, पावसाळ्यात नाल्याचंच काम करणारी. तिचा शेवटचा दोनशे मीटरचा उतार हे माझं रविवारचं ठिकाण. वर एक वळण, त्यावर सुटा मुरूम. मधे काळ्या दगडाच्या दोन पायऱ्या, वीत-वीतभर उंचीच्या. खाली नाल्यातली वाळू. गिअरची सायकल, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक, वर ढकलत न्यायची, बसायचं, उतरायचं, पुन्हा ढकलायची. ऊन तापायच्या आत पंधरा-वीस फेऱ्या.

शेजारच्या वावरातल्या काकांनी एक दिवस न राहवून विचारलंच, "काहून हो गुरुजी, एकाच उतारावर काहून चकरा मारून राह्यले? काई हरवलं काय?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. चिखलदऱ्याचा घाट चढला की छातीचा भाता मजबूत होतो, हे कुणालाही पटतं. पण दोनशे मीटरवर वीसदा पडण्यात काय मिळतं?

थोडं गणित करू. उतारावर सायकल ताशी 18 किलोमीटरनं चालली आहे असं धरा, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. डोळ्यांनी काही पाहून हाताला हालचाल करायला माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतो. तेवढ्यात सायकल मीटरभर पुढं गेलेली असते. आणि दोन चाकांतलं अंतर असतं मीटरपेक्षा थोडंच जास्त. म्हणजे पुढचं चाक दगडावर चढलं हे पाहून हात हलेपर्यंत मागचं चाक त्याच दगडाशी येऊन ठेपलेलं असतं. तेव्हा जो सायकलस्वार दगड 'पाहून' सावरू म्हणतो, तो कायम उशिरा सावरतो. चांगला स्वार आधीच सावरलेला असतो. त्याच्या शरीराला पुढचा धक्का येण्याआधी ठाऊक असतो.

हे आधी ठाऊक असणं मुख्यतः डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत घडतं. माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या सुमारे 6,900 कोटी या लहान मेंदूत आहेत, जरी त्याचं वजन अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढंच असलं तरी. हालचाल करताना 'आता असं जाणवेल' असा अंदाज तिथं बांधला जातो आणि प्रत्यक्षात जे जाणवलं त्याच्याशी ताडून पाहिला जातो. फरक पडला की 'चूक झाली' असा संदेश जातो आणि त्या क्षणी कामात असलेले पेशींमधले काही दुवे कमकुवत होतात. ही कल्पना इंग्लंडच्या डेव्हिड मार यांनी 1969 मध्ये आणि अमेरिकेच्या जेम्स अल्बस यांनी 1971 मध्ये मांडली. मार यांना वाटलं होतं की दुवे बळकट होत असावेत, अल्बस म्हणाले कमकुवत होत असावेत. जपानच्या मासाओ इटो यांनी 1982 मध्ये प्रयोगातून दाखवलं ते अल्बस यांच्या बाजूचं होतं. पुढच्या संशोधनानं हे चित्र बरंच गुंतागुंतीचं केलं, पण मला त्यातली मूळ गंमत आवडते. शिकणं म्हणजे पुष्कळदा काहीतरी खोडणं.

पण खोडायचं तर चूक ताजी हवी. पंधरा किलोमीटरच्या रपेटीत ती पायरी एकदाच येते; चुकलो तर पुढच्या रविवारीच पुन्हा भेटणार, तोवर काय चुकलं याचा शरीराला पत्ताही नसतो. त्याच पायरीवर दोन मिनिटांत परत आलो, तर हँडल किती दाबलं होतं, कंबर किती मागं होती, हे अजून अंगात असतं.

'अंगात असतं' हे आपण सहज बोलून जातो, पण त्याला आधार आहे. अपस्मारावर उपाय म्हणून 1953 मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या हेन्री मोलेसन या अमेरिकी माणसाला नव्या गोष्टी लक्षात ठेवता येईनात. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. भलतं अवघड काम आहे ते, करून बघा. तीन दिवसांत त्याचा हात बसला. पण दरवेळी तो म्हणे, हे मी आधी कधीच केलेलं नाही.

आता मी काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच वावरात शोधतो. श्रावणात ते तुरीत डवरणी करतात, म्हणजे बैलाच्या औतानं, डवऱ्यानं, ओळींमधलं तण काढतात. बैल कधी इकडं झुकतो, कधी तिकडं. कुठं माती चिकट, कुठं ढेकूळ. डवऱ्याचं पातं, पास, मात्र झाडाच्या बुडापासून चार बोटांवरूनच जाते. हाताची हालचाल प्रत्येक पावलाला वेगळी, परिणाम एकच. मॉस्कोत 1920 च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली छायाचित्रांतून टिपल्या, तेव्हा हेच दिसलं. खांदा, कोपर, मनगट दर घावाला थोड्या वेगळ्या वाटेनं जात होते. हातोड्याचं टोक मात्र नेमकं पडत होतं. सरावात आपण तीच हालचाल घोकत नसतो, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा नव्यानं सोडवत असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पाढे पाठ करण्याची सवय लागलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे पचायला वेळ लागला.

उतारही मदत करतो. तो दोनदा सारखा नसतोच. दहाव्या फेरीला वळणावरचा मुरूम कडेला सरकलेला असतो. हे वळण मला सगळ्यांत जास्त वेळा घेऊन पडलं. चाकाची जमिनीवरची पकड मर्यादित असते. ती ब्रेकला खर्च केली की वळायला उरत नाही. आणि सुट्या मुरमावर ती मुळातच कमी, चाकाखाली छरे पसरल्यासारखी. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, वळणात हात सैल. वाचायला एक ओळ, पण भीती वाटली की बोटं आपोआप आवळतात आणि नजर नेमकी ज्या दगडाला चुकवायचं त्यालाच चिकटते. मायकेल लँड आणि डेव्हिड ली यांनी 1994 मध्ये दाखवलं की मोटार चालवणारे वळणाच्या एक-दोन सेकंद आधीच त्याच्या आतल्या कडेकडं पाहू लागतात. सायकलवर मला हे साधायला दोन महिने गेले.

प्रगतीचा वेगही समजून घ्यावा, नाहीतर मन खट्टू होतं. पहिल्या दहा फेऱ्यांत जेवढं सुधारतं तेवढं पुढच्या शंभरांत सुधारत नाही. क्रॉसमन या संशोधकानं 1959 मध्ये सिगार बनवणाऱ्या कामगारांचा अभ्यास मांडला. लाखो सिगार बनवून झाल्यावरही त्यांचा वेग वाढत होता, वाढ तेवढी बारीक होत गेलेली. गोंदिया-भंडाऱ्याकडं हजारी बिड्यांवर मजुरी घेणाऱ्या बायांना हे सांगायला कुणा संशोधकाची गरज नाही.

या खेळाचा, माउंटन बायकिंगचा, जन्मच मुळी एका उताराच्या वेडातून झाला. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला तामलपायस डोंगराच्या परिसरात काही पोरं जुन्या, जाडजूड चाकांच्या सायकली घेऊन एकाच मातीच्या वाटेनं खाली सुटायची. पहिली शर्यत 21 ऑक्टोबर 1976 ची. पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापे की त्यातलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे; त्यावरून त्या उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. एकेकानं सुटायचं आणि घड्याळाशी झुंजायचं. वाट तीच असल्यामुळं वेळ कमी झाला तर सायकल सुधारली किंवा स्वार सुधारला, एवढंच शक्य होतं. त्या उतारावर सायकली मोडल्या आणि सुधारल्या. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, हा खेळ ऑलिंपिकमध्ये होता.

इथं एक खोडा आहे, आणि मी त्यात अडकलो. आमचा उतार मला इतका सरावाचा झाला की मी स्वतःला तरबेज समजायला लागलो. मग पलीकडच्या गावच्या उतारावर गेलो आणि पहिल्याच पायरीला हँडलवरून पुढं. मला 'ती' पायरी येत होती. 'पायरी' येत नव्हती. केर आणि बूथ यांनी 1978 मध्ये लहान मुलांकडून धान्याच्या पिशव्या लक्ष्यावर फेकून घेतल्या. काहींनी 3 फुटांवरून सराव केला, काहींनी फक्त 2 आणि 4 फुटांवरून. परीक्षा 3 फुटांची. जिंकली दुसरी मुलं, ज्यांनी 3 फुटांवरून एकदाही फेकलं नव्हतं! त्यानंतर वर्षभरात शी आणि मॉर्गन यांना दिसलं की एकच हालचाल सलग घोटणारे त्या दिवशी पुढं असतात, पण दहा दिवसांनी आलटून-पालटून करणारे सरस ठरतात. प्रयोगशाळेबाहेर हा फरक नेहमी इतका ठळक नसतो, आणि अगदी नवख्याला आधी सलग सरावच बरा, असं माझं मत. पडायची भीती मोडेपर्यंत तीच पायरी घ्या. मग मोडतोड सुरू करा. मी आता पायरी कधी डावीकडून घेतो, कधी हळू, कधी वळण आणि पायरी एकत्र, कधी सीटची उंची बदलून. आणि पाय थकले की थांबतो, कारण थकलेलं अंग वेगळ्याच सवयी लावून घेतं. रात्रीच्या झोपेनंही हात बसायला मदत होते असं बोटांनी ठरावीक क्रमानं कळा दाबण्याच्या प्रयोगांत दिसलं आहे, त्यामुळं सोमवारी सकाळी दोन फेऱ्या जास्त मारायचा मोह होतो. शाळा असते.

(मेळघाटच्या जंगलात मात्र घुसू नये. तो 1973-74 पासूनचा व्याघ्रप्रकल्प आहे, आणि वाघासमोर सराव कामाचा नाही.)

हे सगळं मी काकांना धुऱ्यावर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले आणि डवऱ्याची रुमणी, म्हणजे मूठ, माझ्या हातात दिली. पहिल्या तासात, म्हणजे पहिल्याच ओळीत, मी तुरीची पाच झाडं उपटली. घाम पुसत म्हटलं, हेच तास पुन्हा घेतो.

"तेच तास आता कुठून आणता गुरुजी," काका म्हणाले, "ते तं डवरून झालं. म्होरचं घ्या."