पोर्तुगीजांच्या आधीचे ठाण्यातले मिशनरी

ठाण्यात पाद्री कधीपासून आहेत, असं विचारलं की बहुतेकांचं बोट मासुंदा तलावाजवळच्या चर्चकडे आणि ओघानेच पोर्तुगीजांकडे जातं. प्रत्यक्षात पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी युरोपातले धर्मप्रचारक इथे राहून गेले होते, तेही मुसलमान अंमलाखाली. त्यांपैकी चौघांच्या मृत्यूची कथा चर्चमधून सांगितली जाते. जो मागे उरला आणि इथेच राबत राहिला, त्या जॉर्डानसचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो.

या किनाऱ्यावर मुसलमान काही दिल्लीच्या फौजेबरोबर आले नाहीत. चिंचणीला सापडलेल्या इ. स. ९२६ च्या ताम्रपटात संजाणचा कारभार राष्ट्रकूट राजाने मधुमती नावाच्या ताजिकाकडे, म्हणजे अरब मुसलमानाकडे, सोपवल्याचं लिहिलं आहे. मधुमती म्हणजे बहुधा महंमद. व्यापाऱ्यांची ही वस्ती शतकानुशतकं नांदत होती. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या सुलतानांनी देवगिरीचं राज्य बुडवलं आणि ठाण्यात कारभाराला मलिक व न्यायाला काझी आले. फरक पडला तो इथे.

१३२१ मध्ये इराणच्या आखातातल्या होर्मुझहून निघालेलं एक जहाज ठाण्याला लागलं. त्यात तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि सिएनाचा पीटर हे फ्रान्सिस्कन या कॅथलिक संन्यासी संघाचे पाद्री होते, शिवाय तिफ्लिसचा देमेत्रियस हा भाषा जाणणारा बंधू. त्यांना जायचं होतं केरळातल्या कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला. ठाण्यात त्यांना आसरा मिळाला तो नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या असलेल्या पूर्वेकडच्या पंथाच्या, ख्रिश्चनांच्या घरात. अशी पंधरा घरं गावात होती, असं थोड्याच काळाने आलेला ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी लिहितो.

पुढचं सगळं एका घरगुती भांडणातून घडलं. यजमानाने बायकोला मारलं, ती काझीकडे फिर्याद घेऊन गेली आणि साक्षीदार म्हणून तिने घरातल्या पाहुण्यांची नावं सांगितली. कज्जा नवरा-बायकोचा होता, पण काझीपुढे उभं राहताच विषय येशूच्या देवत्वावर गेला आणि मग मुहंमद पैगंबरांविषयी तुमचं मत काय, हा प्रश्न आला. थॉमसने आडपडदा न ठेवता कठोर उत्तर दिलं. ९ एप्रिलला तिघांचा शिरच्छेद झाला, पीटरचा दोन दिवसांनी. ओडोरिकच्या कथनात चमत्कारांची रेलचेल आहे, ती बाजूला ठेवू. मात्र मलिकाने त्यांना आधी गुपचूप खाडीपलीकडे सोडून दिलं होतं आणि काझीच्या दडपणामुळे तो फिरला, हे त्याने नोंदवलंय. म्हणजे राज्यकर्त्यांतही एकमत नव्हतं. थॉमसला रोमने १८९४ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस हा डॉमिनिकन या दुसऱ्या संन्यासी संघाचा पाद्री त्या वेळी भडोचच्या वाटेवर होता. बातमी कळताच तो परतला, जिनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीने त्याने मृतदेह सोपाऱ्याला (आजचा नालासोपारा) नेऊन पुरले आणि पुढे तो याच भागात राहिला. त्याची दोन पत्रं उपलब्ध आहेत, एक ऑक्टोबर १३२१ चं आणि दुसरं जानेवारी १३२४ चं, ठाण्याहून लिहिलेलं. दुसऱ्या पत्रात तक्रारींचा पाढाच आहे: उपासमार, आजारपण, चाच्यांनी पकडणं, मुसलमानांनी केलेले आरोप, तुरुंग, फटके, अंगावर धड कपडा नाही. आपल्याच धर्मातल्या लोकांच्या कुरबुरीही त्याने त्यात लिहिल्या आहेत, आणि एकट्या माणसाला बहुधा त्याच जास्त लागत असाव्यात. तरीही बाप्तिस्मे चालू होते. ठाणे ते सोपारा या पट्ट्यात पस्तीस, असं त्यानेच लिहिलं आहे.

हाच माणूस नंतर लिहिलेल्या या देशाच्या वर्णनात फणसावर खूश होतो आणि एक फळ पाच जणांना पुरतं म्हणतो. ताडी वर्षभर मिळते आणि चवीला छान लागते, हेही त्याने लिहिलंय. छळाच्या कथा लिहिणाऱ्यांना असले तपशील अडचणीचे वाटतात, पण रोजचं जगणं त्यांतच दिसतं. पुढे त्याची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पारडं फिरलं. आता पाद्र्याच्या पाठीशी किल्ला आणि आरमार होतं. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्याचं चर्च झालं. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने पोर्तुगीज मुलखातून काझींना घालवून द्यावं, असा ठराव केला. त्या काळातल्या मिशनऱ्यांना मुसलमान शेजारी म्हणून फार भेटलेच नसतील; भेटले ते रयत किंवा शत्रू म्हणून. त्याच सुमारास, १५८० मध्ये, गोव्याहून गेलेले जेझुइट संघाचे पाद्री फतेहपूर सिक्रीत अकबराचे पाहुणे होऊन मुल्लांशी वाद घालत होते. पाद्री एकाच संस्थेचे असले तरी कुठे मालक आणि कुठे पाहुणे, यावर त्यांची बोलण्याची रीत बदलत होती.

मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणं घेतलं, १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेलं. यानंतर वादाची जागा मुंबईच्या छापखान्यांनी घेतली. १८३० च्या दशकात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि हाजी मुहंमद हाशिम यांच्यात लेखी खंडन-मंडन रंगलं. जे प्रश्न १३२१ मध्ये काझीपुढे निघाले होते, त्यातले बरेचसे इथेही निघाले. फरक एवढाच की उत्तर देणाऱ्याला शिक्षा नव्हती, फार तर समोरच्याचं आणखी एक पुस्तक छापून यायचं.