दातखीळ बसते तेव्हा

"मग ओरडलीस का नाही?" बलात्काराच्या खटल्यात बचाव पक्षाचा हा ठरलेला प्रश्न. अब्रूदार बाई अंगावर वळ उठेपर्यंत झुंजणारच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. वळ नाहीत? मग तिची संमती होती.

26 मार्च 1972 च्या रात्री विदर्भातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिचं नाव इथे लिहीत नाही, ते आजवर फार वेळा छापून झालंय. दुसऱ्या दिवशी रात्री डॉक्टरांनी तिला तपासलं. वय 14 ते 16, अंगावर जखम नाही, योनिपटल (योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा) पूर्वीच फाटलेलं, योनीत दोन बोटं सहज जातात. एवढ्या नोंदींवर सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं ठरवलं आणि पोलीस सुटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मात्र भीतीने गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असं म्हणून त्यांना शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जखमा नाहीत, म्हणजे सगळं शांततेत झालं, असा त्यांचा तर्क होता.

तो तर्क शरीराच्या बाजूने तपासला तर टिकत नाही. कोंबडी उलटी धरून दाबली की क्षणभर फडफडते आणि मग निपचित पडते. पळायलाही वाव नाही आणि लढायलाही नाही, अशा वेळी मेंदूच शरीर गोठवतो. स्नायू ताठरतात, आवाज फुटत नाही, पण काय चाललंय ते कळत असतं. हे ठरवून होत नाही. स्टॉकहोममध्ये अत्याचारानंतर उपचारांसाठी आलेल्या 298 स्त्रियांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे 70 टक्के जणींनी असं गोठणं लक्षणीय प्रमाणात अनुभवलं होतं. पुढे तीव्र नैराश्यही अशाच स्त्रियांमध्ये जास्त आढळलं. म्हणजे जी प्रतिकार करू शकली नाही, तिलाच आघात जास्त खोल गेला होता. मराठीला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वाचा बसली, हातपाय गळाले, दातखीळ बसली, असं आपण रोज बोलतो. न्यायालयात तेच सांगणाऱ्या बाईवर विश्वास ठेवताना मात्र आपण अडखळतो.

योनिपटलाचंही तसंच. 2004 मध्ये अमेरिकेत 36 गरोदर मुलींच्या तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संबंध आल्याची निश्चित खूण त्यातल्या फक्त दोघींमध्ये सापडली. दोन बोटांच्या चाचणीला तर कसलाच शास्त्रीय आधार नाही. तरीही ती करणाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल दोषी धरलं जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते थेट 2022 मध्ये, देसाईगंजच्या त्या रात्रीनंतर 50 वर्षांनी.

मधल्या काळात कायदा बदलला. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवायची मुभा देणारं कलम 2003 च्या सुमारास गेलं. 2013 मध्ये नवं स्पष्टीकरण आलं, ते आज भारतीय न्याय संहितेतही आहे: स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, केवळ एवढ्यावरून तिची संमती मानता येणार नाही. 'केवळ' या शब्दामुळे "ओरडलीस का नाही?" हा प्रश्न विचारायला वकिलांना अजून जागा उरते. त्यावर तिची दातखीळ का बसली, हे समजावून सांगणारा डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सरकारी पक्षाने उभा करायला हवा.