मिक्सिंग कुठे संपते आणि मास्टरिंग कुठे सुरू होते

घरच्या घरी अल्बम करणाऱ्यांच्या तोंडी ‘मिक्सिंग-मास्टरिंग’ हा एकच जोडशब्द असतो आणि दरही बहुधा दोन्हींचा मिळून सांगितला जातो, त्यामुळे ही एकाच कामाची दोन नावे असावीत असा समज रूढ झाला आहे. तो चुकीचा आहे. मिक्स करणाऱ्याच्या हाताशी प्रत्येक आवाज सुटा असतो, तर मास्टर करणाऱ्याकडे सगळे आवाज एकजीव झालेली, डाव्या आणि उजव्या वाहिनीची एकच फाइल येते. एकत्र दळून आणलेल्या पिठातून ज्वारी वेगळी काढता येत नाही, तसेच त्या फाइलचे आहे.

लातूरकडच्या एका माळवदाच्या घरात आम्ही गोंधळाची सहा गाणी ध्वनिमुद्रित केली. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचेच छत असल्यामुळे रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज आत फारसा येत नव्हता, आणि भिंतींवर टांगलेल्या वाकळांनी उरलासुरला घुमाराही शोषून घेतला. (पत्र्याच्या खोलीत हे जमत नाही, पावसाचे चार थेंब पडले की काम थांबते.) संबळाला दोन मायक्रोफोन, तुणतुण्याला एक, झांजेला एक, मुख्य गोंधळ्याला एक आणि मागून साथीला सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना दोन, असे प्रत्येक गाण्याचे सात ट्रॅक झाले.

मिक्सिंग म्हणजे या सात जणांना एका गाण्यात आपापली जागा नेमून देणे. संबळाच्या दोन भांड्यांपैकी एकाचा नाद खोल आणि दुसऱ्याचा चढा असतो. खोल नाद पुरुषी आवाजाच्या खालच्या भागावर चढून बसला की शब्द गढूळ ऐकू येतात, म्हणून आवाजाचा खालचा-वरचा पट्टा हवा तसा कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने त्या पट्ट्यात संबळ किंचित उतरवावा लागतो. आवाहनात गोंधळी खड्या आवाजात हाक देतो आणि आख्यानात शिरताच बोलण्याच्या सुरावर उतरतो. हे अंतर थोडेसे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या कॉम्प्रेसरने आणि बरेचसे ओळीगणिक हाताने फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) वर-खाली करून सांभाळावे लागते. वाकळांमुळे कोरड्या झालेल्या आवाजाला बेताचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, देणे आणि झीलकऱ्यांना डाव्या-उजव्या बाजूला बसवणे ही कामेही इथलीच. संबळाचे दोन मायक्रोफोन एकमेकांच्या उलट कलेत (फेजमध्ये) असतील, म्हणजे एकाची लहर वर जाताना दुसऱ्याची खाली जात असेल, तर हेडफोनवर भारदस्त वाटणारा संबळ एकाच स्पीकरच्या फोनवर किंवा देवळाच्या कर्ण्यावर अर्धाअधिक विरून जातो. आपले बरेचसे श्रोते असेच ऐकतात, म्हणून मिक्स मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही वाहिन्या एकत्र करून, तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये, असे माझे ठाम मत आहे.

मास्टरिंगचा उगम वेगळा आहे. ध्वनिमुद्रिकांच्या काळात फितीवरचे गाणे तबकडीवर कोरणारा वेगळा तंत्रज्ञ असे, कारण खर्जाचा आवाज जास्त झाला तर खाच रुंद होऊन सुई उडण्याचा धोका होता. 1948 मध्ये लाँग प्ले तबकडी आल्यावर एका बाजूवर किती मिनिटे आणि किती मोठ्या आवाजात बसवायची हा हिशेबही त्याच्याकडे आला. तबकडी मागे पडली, पण गाणे माध्यमाजोगे करून देण्याची ती जबाबदारी टिकली. आज मास्टर करणारा सहाही गाणी ओळीने ऐकतो आणि तिसरे गाणे दुसऱ्यापेक्षा झाकोळलेले वाटणार नाही, पाचवे सुरू होताच श्रोत्याला आवाज कमी करावा लागणार नाही, एवढे पाहतो. स्पॉटिफाय सर्वसाधारणपणे गाण्याची सरासरी पातळी उणे 14 एलयूएफएसवर (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) आणते. म्हणजे आवाजाची शिखरे ठरावीक मर्यादेवर जाऊ न देणाऱ्या लिमिटरने दाबून गाणे उणे 8 पर्यंत नेले, तर तिथे ते 6 डेसिबलने खाली येते आणि हाती फक्त चेपलेला संबळ उरतो. शिखर उणे 1 डेसिबलच्या खाली ठेवणे आणि सीडी काढायची असेल तर 24 बिटची फाइल 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झवर उतरवणे ही कामेही मास्टरिंगचीच.

दोहोंची गल्लत कशी महागात पडते, हे मी स्वतः अनुभवले. चौथ्या गाण्याचे मास्टर ऐकून गोंधळी म्हणाले, “दादा, तुणतुणं कुठं गेलं?” मी मास्टर करणाऱ्याला ते वर आणण्यास सांगितले. त्याने समजावले की तुणतुणे ज्या पट्ट्यात वाजते तो उचलला तर त्याच पट्ट्यातली झांजही उचलली जाईल आणि गायकाचे ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचू लागतील. तेव्हा, तो म्हणाला, मिक्समध्ये जाऊन तुणतुण्याचा एकच फेडर दोन डेसिबल वर करा आणि फाइल पुन्हा पाठवा. शिवाय गाणी जोरकस वाटावीत म्हणून मी मिक्सच्या मुख्य वाहिनीवर लिमिटर लावून ठेवला होता. तो त्याने काढायला लावला, आणि शिखराच्या वर सहाएक डेसिबल मोकळे ठेवलेल्या 24 बिटच्या फाइली मागितल्या.

स्टेम मास्टरिंगमध्ये गायन, ताल, सूर असे तीन-चार गठ्ठे वेगवेगळे पाठवता येतात. ती मधली वाट आहे, मात्र अर्धवट मिक्स झाकण्यासाठी तिचा उपयोग करू नये. दोन्ही कामे एकाच माणसाने केली तरी चालते, फक्त मध्ये आठवडाभर गाणी ऐकू नयेत, कारण मिक्स करता करता कान त्यातल्या उणिवांना सरावलेले असतात.

गाण्यांचा क्रम गोंधळाच्या रीतीनेच ठरला होता: आधी गण आणि आवाहन, मग आख्यान, शेवटी आरती. गाण्यांमधली शांतता मात्र मास्टरिंगमध्ये ठरली. आख्यान संपून आरती लागते तिथे आम्ही जेमतेम एक सेकंद ठेवला, कारण प्रत्यक्ष गोंधळातही तिथे संबळ थांबत नाही.