मगरुरी

मगरुरी (मग्रुरी) : स्वतःला इतरांहून वरचढ समजून त्यांना तुच्छ लेखण्याची वृत्ती. शब्द मूळचा अरबी, मराठीत आला तो फारसीमार्गे. अरबीत ‘मग्रूर’ म्हणजे भुललेला, फसलेला. मराठीत फसगतीची ही छटा पुसली गेली. समोरच्याला होणारा जाच तेवढा उरला.

जवळच्या शब्दांची कुळे वेगवेगळी आहेत. ‘माज’ संस्कृत ‘मद्’ धातूकडून आला, षड्रिपूंतला मदही तिथलाच. गुरे माजावर येतात ती याच अर्थाने. ‘मिजास’ मुळात फक्त स्वभाव किंवा प्रकृती. ‘अहंकार’ तर सांख्य दर्शनात बुद्धीतून उपजणारे, ‘मी’ची जाणीव देणारे तत्त्व, त्यात शिवी नाही. गीतेच्या 16व्या अध्यायात आसुरी संपत्तीत मोडणारा ‘अभिमान’ आज मराठी माणूस छातीवर मिरवतो आणि वाईट अर्थासाठी ‘दुरभिमान’ वापरतो.

बडोद्याच्या मराठी घरांत यातला ‘शिष्ट’ हा शब्द सांभाळून वापरावा लागतो. गुजरातीत शिष्ट म्हणजे सुसंस्कृत. गुजराती माध्यमात शिकलेल्या नातवाने बाईंचे कौतुक म्हणून ‘त्या फार शिष्ट आहेत’ म्हटले, की दांडिया बाजारातली आजी विचारणार, ‘का रे, बोलत नाहीत का तुझ्याशी?’

मगरूर कोणी स्वतःला म्हणवून घेत नाही. तो दुसऱ्याने, बहुधा वरच्याने, ठेवलेला ठपका असतो. बडोद्याच्याच इतिहासात याचे ठळक उदाहरण आहे. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात संस्थानिकांनी पाचव्या जॉर्जपुढे तीनदा लवून, पाठ न दाखवता मागे सरायचे होते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) एकदाच किंचित लवले आणि वळून चालू लागले. अंगावर दागिनेही जवळपास नव्हते. ब्रिटिश वृत्तपत्रांनी काहूर माजवले, राजनिष्ठेवर शंका घेतली गेली. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंज यांना खुलाशाचे, दिलगिरीचे पत्र पाठवले. तेवढ्याने गदारोळ शमला नाही. ते वागणे मुद्दाम होते की गोंधळातून झाले, यावर अजून वाद होतात. साहेबाच्या लेखी तो उद्धटपणा होता. मराठीत त्यासाठी ‘बाणेदारपणा’ हा शब्द तयारच होता, आणि बडोदेकर आजही तोच वापरतात.