करंज (पाणबुडी, १९६९–२००३)

करंज : भारतीय नौदलाची सोव्हिएत बनावटीची डिझेल-विद्युत पाणबुडी (क्रमांक एस २१). ४ सप्टेंबर १९६९ रोजी रीगा बंदरात (आता लाटव्हियात) ती नौदलात दाखल झाली आणि १ ऑगस्ट २००३ रोजी निवृत्त झाली. उरणजवळच्या करंजा बेटावरून तिला हे नाव मिळाले. तिच्याच वर्गातली ‘खांदेरी’ तर शिवकालीन जलदुर्गाच्या नावाची. म्हणजे भारताच्या पहिल्या चार पाणबुड्यांपैकी दोघींची नावे मुंबई बंदराच्या परिसरातली. भाऊच्या धक्क्यावरून मोरा किंवा रेवसची लाँच पकडणाऱ्यांना ही बाजू चांगली माहीत असते. त्या नावाची पाणबुडी युद्धात होती, हे मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

पहिले कमांडर मोहन नारायण सामंत. सुएझ कालवा १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धापासून बंद असल्याने ‘करंज’ आफ्रिकेला वळसा घालून भारतात आली. सामंतांना पुढे महावीरचक्र मिळाले, पण ते पाणबुडीसाठी नव्हे. डिसेंबर १९७१ मध्ये ‘पनवेल’, ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ या छोट्या नौका घेऊन त्यांनी पूर्व पाकिस्तानातील मोंगला व खुलना या बंदरांवर धडक मारली होती. तोवर ‘करंज’ची सूत्रे कमांडर विजयसिंह शेखावत यांच्याकडे गेली होती.

या वर्गाची पाणबुडी सुमारे ९१ मीटर लांब, आतली माणसे पंचाहत्तरच्या आसपास. पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या पुढे सहा व मागे चार अशा दहा नळ्या आणि २२ पाणतीर. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले. वेग अगदी संथ ठेवला तर बॅटरी काही दिवस पुरे, पण जोरात पळायचे ठरवले तर तासांतच उतरे. म्हणून रात्री पाण्याच्या पृष्ठभागालगत येऊन, हवेची नळी (स्नॉर्केल) वर काढून डिझेल इंजिने चालवायची आणि बॅटरी भरून घ्यायची. समुद्र खवळलेला असला की लाट नळीच्या तोंडावरून जाई, झडप आपोआप मिटे आणि इंजिने पाणबुडीच्या आतलीच हवा ओढू लागत. दाब घसरून सगळ्यांच्या कानांना दडे बसत. गोडे पाणी मोजून मिळे, अंघोळ ही चैन. अंगाला, कपड्यांना, जेवणालाही डिझेलचा वास.

१९७१ च्या युद्धात ‘करंज’ व तिच्याच वर्गातली ‘कुरसुरा’ पश्चिमेला अरबी समुद्रात होत्या, तर ‘खांदेरी’ पूर्वेला. युद्धाला तोंड फुटण्याआधीच, नोव्हेंबरमध्ये, ‘कुरसुरा’ गस्तीवर निघाली होती. महिनाअखेरीस दोघींची समुद्रात गाठ पडली. हुकूम कडक होते. लक्ष्याची खात्रीशीर ओळख पटल्याशिवाय पाणतीर सोडायचा नाही. पेरिस्कोपमधून काळोखात दिसणाऱ्या जहाजाची ओळख पटवायची तर त्याच्या जवळ जावे लागते, आणि जवळ जाणे म्हणजे स्वतः सापडण्याची जोखीम. शिवाय आपल्याच नौकांनी चुकून मारा करू नये म्हणून दिलेल्या हद्दीतच राहायचे. या युद्धात भारतीय पाणबुड्यांनी एकही जहाज बुडवले नाही. शेखावत यांना युद्धातील गस्तीबद्दल वीरचक्र मिळाले.

बुडवलेल्या जहाजांच्या यादीवरून पाणबुडी जोखायची सवय लोकांना असते, आणि १९७१ ने त्या सवयीला खतपाणीच घातले. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस आजही नौदल दिन म्हणून साजरा होतो. उलट बाजूला, युद्धाच्या सुरुवातीला मुंबईसमोर दबा धरून बसलेल्या पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ९ डिसेंबरला दीवजवळ भारताची युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. या दोन घटनांपुढे ‘करंज’ची गस्त कोरडी वाटते. पण ‘हंगोर’च्या शोधासाठी भारताला किती जहाजे गुंतवावी लागली, ते पाहिले की नुसत्या धास्तीची किंमत कळते. समोरच्याच्या पाण्यात ती धास्ती निर्माण करणे हेच ‘करंज’चे काम होते, आणि त्याची नोंद बुडालेल्या जहाजांच्या हिशेबात होत नाही.

युद्धानंतर तीन दशके ती सेवेत राहिली. शेखावत १९९३ ते १९९६ या काळात नौदलप्रमुख होते. माझगाव गोदीने बांधलेली त्याच नावाची स्कॉर्पीन वर्गाची पाणबुडी १० मार्च २०२१ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली, तेव्हा प्रमुख पाहुणे म्हणून तेच उपस्थित होते.

या वर्गाची पाणबुडी आतून पाहायची असेल, तर विशाखापट्टणम गाठावे लागते. तिथल्या रामकृष्ण बीचवर ‘कुरसुरा’ २००२ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. वाकून एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना उंच माणसाने डोके सांभाळावे.