१०६६ ची स्वारी आणि 'डॉक्टर हू'चा मोडलेला नियम

'डॉक्टर हू' या काळप्रवासावरच्या ब्रिटिश टीव्ही मालिकेतली 'द टाइम मेडलर' ही चार भागांची कथा ३ ते २४ जुलै १९६५ या काळात दर शनिवारी एक भाग अशी दाखवली गेली. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडवर केलेल्या नॉर्मन स्वारीच्या वर्षातलं साहस म्हणून ती ओळखली जाते. पण तिचं खरं महत्त्व वेगळं आहे. काळप्रवाशांनी इतिहासात किती ढवळाढवळ करावी, याचा मालिकेने सुरुवातीला घालून घेतलेला नियम इथे मोडला, आणि पुन्हा पूर्वीसारखा कधीच बसला नाही.

तो नियम सर्वांत स्वच्छ दिसतो १९६४ च्या मे-जूनमधल्या 'द ॲझ्टेक्स'मध्ये. काळप्रवासी डॉक्टर हा मालिकेचा नायक. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या, इतिहासाची शिक्षिका असलेल्या बार्बराला मेक्सिकोतले ॲझ्टेक लोक यताक्सा या प्रमुख पुजाऱ्याचा अवतार समजतात आणि त्या जोरावर ती नरबळी बंद करायला निघते. १५१९ मध्ये स्पॅनिश सेनानी कोर्तेस उतरण्याआधी ही प्रथा थांबली, तर स्पॅनिशांना या संस्कृतीची चांगली बाजू दिसेल आणि तिचा नाश टळेल, असा तिचा हिशोब. डॉक्टर तिला बजावतो की इतिहासाची एक ओळही बदलता येत नाही, हे अशक्यच आहे. बार्बरा हरते. ऑटलॉक नावाच्या एका पुजाऱ्याची श्रद्धा तेवढी ढळते आणि तो शहर सोडून जातो. इतिहास जिथल्या तिथे राहतो, माणूस हलतो. माझ्या मते मालिकेतल्या ऐतिहासिक कथांनी यापेक्षा उंच काही गाठलं नाही.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला 'द रोमन्स'मध्ये पहिली चीर पडली. डॉक्टरच्या चष्म्यातून पडलेल्या उन्हाने नीरोचा रोमचा नकाशा पेटतो आणि नीरोला रोम जाळण्याची कल्पना सुचते. जे घडलं तेच घडलं, पण काळप्रवाशामुळे. त्याच लेखकाने पुढे 'द टाइम मेडलर' लिहिली. तो तेव्हा कथा-संपादकाच्या जागेवरून नुकताच बाजूला होत होता. शिवाय बार्बरा आणि विज्ञानशिक्षक इयन २६ जूनच्या भागात मालिकेतून गेले होते. टार्डिसमध्ये, म्हणजे बाहेरून लहान पण आतून प्रचंड असलेल्या काळयानात, डॉक्टरबरोबर राहिले ते विकी आणि स्टीव्हन, दोघेही भविष्यातले. मालिका सुरू करताना इतिहास शिकवायची जबाबदारी जिच्याकडे दिली होती, ती व्यक्तीच आता नव्हती.

कथा इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्ब्रियाच्या किनाऱ्यावर घडते. सॅक्सन बाई ईडिथशी बोलताना डॉक्टर साल-महिना काढतो. एडवर्ड राजा वर्षाच्या सुरुवातीला वारला, गादीवर हॅरल्ड आहे, उत्तरेकडून व्हायकिंग अजून आलेले नाहीत. म्हणजे १०६६ च्या उन्हाळ्याची अखेर. कड्यावरच्या मठातून प्रार्थनेचे सूर ऐकू येतात, मध्येच ते ओढल्यासारखे मंदावतात. आत ग्रामोफोन असतो. मठात एकच माणूस, साधूच्या वेशातला 'मंक'. तो डॉक्टरच्याच लोकांपैकी, आणि त्याच्याकडेही टार्डिस आहे, दगडी शवपेटीच्या रूपात. डॉक्टर आणि त्याची नात सुझन यांच्याखेरीज त्यांच्या जमातीतलं कुणी पडद्यावर आलं ते या कथेत पहिल्यांदा.

मंकने आपला बेत आठ कलमांत लिहून ठेवला आहे. नॉर्थम्ब्रियात पोहोचणे, अणुतोफ बसवणे, व्हायकिंग दिसणे, किनाऱ्यावर जाळ पेटवणे, त्यांचं आरमार नष्ट करणे, नॉर्मन उतरणे, हेस्टिंग्जची लढाई, हॅरल्डची भेट. शेवटच्या तीन कलमांसाठी त्याला फारसं काही करायचंच नाही. थकवा न आलेला हॅरल्ड विल्यमला हरवेल, हे त्याने गृहीत धरलेलं आहे.

हा बेत वरवरचा नाही. नॉर्वेचा राजा हारल्ड हार्द्राद सुमारे ३०० जहाजं घेऊन याच किनाऱ्याने खाली आला आणि हंबरच्या मुखातून आत शिरला. २० सप्टेंबरला फुलफर्डला त्याने उत्तरेतल्या सरदारांची फौज मोडली. हॅरल्ड दक्षिणेतून धावत आला आणि २५ सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला त्याने हार्द्रादला मारलं. उरलेल्यांना परत न्यायला २४ जहाजं पुरली. तीनच दिवसांनी, २८ ला, विल्यम पेव्हन्सीला उतरला. हॅरल्ड पुन्हा दक्षिणेला गेला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जजवळ मारला गेला. ती लढाई सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालली, म्हणजे पारडं बराच वेळ कुठेही झुकू शकलं असतं. तरी बेतात एक भोक राहतंच. दाणागोटा संपल्यामुळे हॅरल्डने दक्षिण किनाऱ्यावरची फौज ८ सप्टेंबरलाच घरी पाठवली होती. आरमार बुडवून ती परत उभी राहिली नसती. कथा याकडे बघत नाही.

जुना नियम खरा असता तर डॉक्टरला मंकला अडवण्याचं कारणच नव्हतं. बेत आपोआप फसला असता. पण डॉक्टर धावाधाव करतो. चौथ्या भागात विकी आणि स्टीव्हन बोलतात की मंक यशस्वी झाला, तर त्या क्षणी इतिहासाची सगळी पुस्तकं बदलतील आणि बदल झाल्याचं कुणाला कळणारही नाही. 'इतिहास बदलता येत नाही'च्या जागी 'बदलू देता कामा नये' आलं, तेही एका शब्दाच्या खुलाशाशिवाय. मंकची बाजूही कथेने पूर्ण ऐकलेली नाही. त्याला युरोपातली युद्धं टाळायची आहेत, १३२० पर्यंत जेट विमानं आणायची आहेत. डॉक्टर त्याला बिघडलेल्या पोरासारखं वागवतो आणि त्याच्या टार्डिसमधून परिमाण-नियंत्रक काढून घेतो. आतली जागा आकसते आणि मंक १०६६ मध्ये अडकतो. वाचवलेल्या त्या इतिहासात मात्र १०६९–७० मध्ये विल्यमने उत्तर इंग्लंड उजाड केलं. ज्या प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी डॉक्टरला खाऊपिऊ घातलं, त्याचीच ही गत झाली. बार्बरा असती तर हा प्रश्न तिने नक्की विचारला असता.

दुसऱ्या भागात डॉक्टर कोठडीत बंद असतो आणि फक्त त्याचा आवाज येतो, कारण मुख्य नट त्या आठवड्यात सुट्टीवर होता. आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणावर शिंगं आहेत, ती चूकच.

पुढे मंक १९६६ च्या जानेवारीत 'द डालेक्स मास्टर प्लॅन'मध्ये परतला. परकं तंत्रज्ञान नसलेली निखळ ऐतिहासिक कथा १९६७ च्या जानेवारीत 'द हायलँडर्स'बरोबर थांबली आणि १९८२ च्या 'ब्लॅक ऑर्किड'पर्यंत आली नाही. १९७३–७४ च्या 'द टाइम वॉरियर'मध्ये परग्रहावरचा सैनिक मध्ययुगातल्या लुटारू सरदाराला बंदुका पुरवतो. १९८३ च्या 'द किंग्ज डीमन्स'मध्ये डॉक्टरचा शत्रू मास्टर याला १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या सत्तेवर मर्यादा घालणारी सनद, होऊ द्यायचा नाही. हा मंकचाच बेत, फक्त साल वेगळं. २००८ मध्ये पाँपेईच्या कथेत 'अचल बिंदू' ही सोय आली: काही घटना बदलत नाहीत, बाकीच्या बदलतात. म्हणजे दोन्ही नियम एकाच वेळी खरे ठरवले. कुठली घटना कशात मोडते, हे दर वेळी त्या कथेचा लेखक ठरवतो.

'द टाइम मेडलर'चे चारही भाग आज पाहता येतात. हरवलेल्या भागांच्या प्रती १९८० च्या दशकात नायजेरियातून परत मिळाल्या, त्यांत कात्री लागलेली होती. बहुतेक तुकडे नंतर भरले गेले. सॅक्सनांनी व्हायकिंगांना मारण्याचे चौथ्या भागातले सुमारे १२ सेकंद चित्रात नाहीत, त्यांचा आवाज तेवढा उपलब्ध आहे.